हिंजवडी ‘एज सिटी’ आहे का? शहराबाहेरचा ऑफिसांचा पट्टा कसा तपासायचा

गावाबाहेर काचेच्या इमारती उभ्या राहिल्या आणि खाली चार कॅफे निघाले, की वर्तमानपत्राच्या प्रॉपर्टी पुरवणीत ‘एज सिटी’ हे शब्द दिसायला लागतात. बिल्डरला ते हवेच असतात. पण ही काही कौतुकाची पदवी नाही. तिच्यामागे पाच अटी आहेत, त्यातल्या तीन चक्क मोजता येतात, आणि थोडी चिकाटी असेल तर कुणीही नागरिक, विद्यार्थी किंवा वार्ताहर घरबसल्या निम्मं काम उरकू शकतो. उरलेल्या निम्म्यासाठी मात्र पायी फिरावं लागतं.

उदाहरण म्हणून पुण्याच्या पश्चिमेचा आयटी पट्टा, हिंजवडी घेतलंय. पुण्यातल्या बहुतेकांना तिथला रस्ता पाठ आहे, आणि तिथं उत्तर ‘हो’ किंवा ‘नाही’ इतकं सरळ येत नाही, म्हणून.

आधी कसोटी नीट वाचा

‘वॉशिंग्टन पोस्ट’चे पत्रकार जोएल गॅरो यांनी १९९१ साली याच नावाच्या पुस्तकात ही कल्पना मांडली. अमेरिकेतली ऑफिसं जुन्या शहराचा मध्य सोडून हमरस्त्यांच्या चौकात का चाललीत, हा त्यांचा विषय होता. त्यांच्या पाच अटी अशा: भाड्यानं देण्याजोगी ऑफिसची जागा ५० लाख चौरस फूट किंवा जास्त, दुकानांची जागा ६ लाख चौरस फूट किंवा जास्त, बेडरूमपेक्षा नोकऱ्या जास्त, लोकांच्या मनात ती एकच जागा असावी आणि नोकरी, खरेदी, करमणूक सगळं तिथंच मिळावं, आणि ३० वर्षांपूर्वी तिथं शहरासारखं काहीही नसावं, फार तर घरं किंवा गुरांचं कुरण.

या अटींत काय नाही तेही बघून ठेवा. जुन्या शहरापासून किती किलोमीटर, याचा उल्लेख नाही. महापालिका असावी की नसावी, हेही नाही. इमारती किती मजली, रस्ते किती रुंद, यावरही काही अवलंबून नाही. ‘इतकी ट्रॅफिक आहे म्हणजे एज सिटीच’ हे तर्कट इथं चालत नाही.

नमुना म्हणून व्हर्जिनियातलं टायसन्स कॉर्नर डोळ्यासमोर ठेवा. वॉशिंग्टन शहराला वळसा घालणारा बेल्टवे १९६४ साली पूर्ण झाला, १९६८ साली तिथं मॉल उघडला, आणि दोन जुन्या रस्त्यांच्या चौकातली किरकोळ वस्ती बघता बघता अडीच कोटी चौरस फुटांहून जास्त ऑफिसांची झाली. २०१० साली फेअरफॅक्स काउंटीनं (म्हणजे तिकडच्या जिल्ह्याच्या प्रशासनानं) तिथला विकास आराखडा बदलला तेव्हा नोकऱ्या लाखाच्या वर होत्या आणि राहणारी माणसं सुमारे १७ हजार. पाचही अटी पार. आणि आजही टायसन्सला स्वतःची नगरपालिका नाही, कारभार काउंटीकडेच आहे.

हद्द आखा, आणि मग ती हलवू नका

या लेखातलं सगळ्यात महत्त्वाचं काम हेच, आणि बहुतेक जण तेच टाळतात. ऑफिस मोजताना एक हद्द, दुकानं मोजताना दुसरी, असं केलं की जगातली कुठलीही जागा एज सिटी ठरते. पाचही अटी एकाच नकाशावर, एकाच रेषेच्या आत तपासायच्या. रेषा आखायची ती मोजणीच्या आधी. कागदावर तारीख टाका, म्हणजे मागाहून हात शिवशिवणार नाही.

हिंजवडीत निदान तीन हद्दी सुचतात.

पहिली एमआयडीसीची. राजीव गांधी इन्फोटेक पार्कचे फेज १, २ आणि ३, बस. ही रेषा सोपी, कारण एमआयडीसीचे नकाशे उपलब्ध आहेत. पण ती प्लॉटची हद्द आहे, जागेची नाही. शिवाजी चौकातलं हॉटेल, मारुंजी रस्त्यावरचं पीजी, फेज २ च्या मागच्या गल्लीतली खानावळ, हे सगळं तिच्या बाहेर पडतं. आयटीतला माणूस जेवतो, राहतो तिथेच, आणि मोजणीतून नेमकं तेच गळतं.

दुसरी हद्द: एमआयडीसी अधिक हिंजवडी, माण आणि मारुंजी या गावांचा तिला लागून असलेला भाग. पश्चिमेला मोकळं रान लागतं तिथं थांबायचं, पूर्वेला मुंबई–बंगळुरू महामार्गाशी.

तिसरी: महामार्ग ओलांडून वाकड, आणि मग हात सैल सोडला तर बालेवाडी–बाणेरसुद्धा. प्रॉपर्टी सल्लागारांचे अहवाल साधारण हेच करतात. ‘पुणे पश्चिम’ अशा एका डब्यात सगळं टाकतात. त्यांना भाड्याचे दर सांगायचे असतात, त्यांच्या कामाला ते पुरतं. आपल्या कामाला नाही.

पिनकोडवर भिस्त ठेवू नका. ४११०५७ हा हिंजवडीलाही लागतो आणि वाकडलाही, म्हणजे महामार्गाच्या दोन्ही अंगांना. ग्रामपंचायतीची हद्द घेतली तर डोंगरापर्यंतची शेतं आत येतात आणि दर एकरी आकडे पातळ होतात. पोलीस ठाण्याची हद्द तर आणखी वेगळी.

मग रेषा ठरवायची कशी? मी तरी दुसरी हद्द घेईन, आणि कारण लिहून ठेवीन: तिच्या आत कुठूनही कुठं जाताना मोठा रस्ता ओलांडावा लागत नाही, आणि आतली दुकानं-घरं ऑफिसांमुळेच उभी राहिलेली आहेत. वाकडचं तसं नाही. वाकडला हिंजवडीतला आयटीवाला राहतो हे खरं, पण पिंपरीच्या कारखान्यातला माणूसही राहतो. महामार्ग आडवा आला म्हणजे जागा तुटलीच, असं मात्र धरू नका. टायसन्समधून बेल्टवे आरपार जातो आणि दोन्ही बाजू टायसन्सच म्हणवतात. पण तिथं दोन्हीकडे काउंटी एकच. इथं महामार्गाच्या अलीकडे पिंपरी-चिंचवड महापालिका आणि पलीकडे ग्रामपंचायत, पीएमआरडीए (पुणे महानगर प्रदेश विकास प्राधिकरण), एमआयडीसी.

ऑफिसची जागा मोजा

इथं पहिली अडचण एककाची. गॅरोंचा आकडा भाड्यानं देण्याजोग्या जागेचा आहे. आपल्याकडे कागदोपत्री तीन प्रकारचे चौरस फूट भेटतात आणि ते एकमेकांत मिसळले की गणित फसतं. महारेरावर, म्हणजे राज्याच्या बांधकाम प्रकल्प नोंदणीच्या पोर्टलवर, कार्पेट एरिया (भिंतींच्या आतली वापराची जागा) असतो. भाडेकरारात कॉमन जिना, लॉबी, लिफ्ट धरून वाढवलेली जागा असते. कार्पेट साधारण तिच्या ६५ ते ७५ टक्के. म्हणजे कार्पेटचे ३५ लाख चौरस फूट सापडले तर भाड्याच्या हिशेबात ते ५० लाखांच्या आसपास जातात. पर्यावरण मंजुरीच्या कागदांत बांधकामाचं एकूण क्षेत्र असतं आणि त्यात बेसमेंटचं पार्किंगही येतं, त्यामुळे तो आकडा कायम फुगलेला.

मग शोधायचं कुठं? पहिली धाव बहुतेकांची महारेराकडे असते, आणि आयटी पार्कच्या बाबतीत तिथं निराशा होते. रेराचा कायदा विक्रीच्या प्रकल्पांना लागतो. जी इमारत बिल्डर स्वतःकडे ठेवून फक्त भाड्यानं देतो, तिची नोंदणी तिथं असायचं कारण नाही. अशा इमारती सापडतात दोन ठिकाणी. एक म्हणजे ‘परिवेश’ पोर्टल. वीस हजार चौरस मीटरच्या वरच्या बांधकामाला पर्यावरण मंजुरी लागते, म्हणून त्यांचे अर्ज आणि मंजुरीची पत्रं तिथं मिळतात. दुसरं म्हणजे शेअर बाजारात नोंदलेल्या रीट कंपन्यांचे, म्हणजे गुंतवणूकदारांच्या पैशांतून ऑफिस इमारती बाळगून भाडं वाटणाऱ्यांचे अहवाल. हा खरा खजिना. त्यात पार्कनिहाय तयार क्षेत्र, भरलेलं क्षेत्र आणि बांधकामाखालचं क्षेत्र वेगवेगळं दिलेलं असतं.

हिंजवडीत एम्बसी रीटचे तीन पार्क आहेत: क्वाड्रॉन सुमारे १९ लाख चौरस फूट, क्यूबिक्स सुमारे १५ लाख, आणि टेकझोनचा तयार भाग २० लाखांच्या वर. तिन्हींची बेरीज ५० लाखांपुढे जाते. म्हणजे एका मालकाच्या तीन पार्कांतच पहिली अट संपली. बाकी पार्क मोजायची गरज राहिली नाही, तरी मोजा, पुढच्या पायरीला लागतील.

एक बारकावा. इन्फोसिस, विप्रो यांचे इथले कॅम्पस त्यांचे स्वतःचे आहेत. ते ‘भाड्यानं देण्याजोगे’ नाहीत, त्यामुळे दलालांच्या अहवालात येत नाहीत. शब्दशः वाचलं तर पहिल्या अटीतून ते वगळावेत. नोकऱ्या मोजताना मात्र धरलेच पाहिजेत. वहीत दोन वेगळे रकाने करा.

आणि ५० लाखांचा आकडा भारतात फारच सैल पडतो, असं माझं मत. तो ठरला तेव्हाच्या अमेरिकी ऑफिसात माणशी दोनशे-अडीचशे चौरस फूट धरायचे. आपल्या आयटी कंपनीत शंभराच्या मागेपुढे. तेवढ्याच जागेत तिकडे वीस-पंचवीस हजार माणसं बसायची, इकडे पन्नास हजार बसतात. आकडा बदलू नका, कारण मग तुलनाच संपते. पण निष्कर्षात हा फरक नोंदवा.

दुकानं मोजा, इथं घाई केली की निकाल चुकतो

सहा लाख चौरस फूट म्हणजे अमेरिकी हिशेबात एक बऱ्यापैकी मॉल: तीन मोठी डिपार्टमेंट स्टोअर आणि ८०-१०० दुकानं. तिकडे ही मोजणी सोपी. मॉलचं क्षेत्र वाचायचं आणि पुढं जायचं. आपल्याकडे मॉलपुरतं मोजलं तर अर्धा बाजार सुटतो.

वाकडला महामार्गालगत फीनिक्सचा ‘मॉल ऑफ द मिलेनियम’ सप्टेंबर २०२३ मध्ये उघडला. दहा लाख चौरस फुटांहून मोठा. तो एकटाच दुसरी अट पार करतो, आणि म्हणूनच हात शिवशिवतो: रेषा जराशी पूर्वेला सरकवली की हिंजवडी पास! सरकवायची असेल तर सरकवा, पण मग वाकडचे टॉवरही आत घ्या आणि नोकऱ्या-बेडरूमचा हिशेब नव्यानं मांडा. मॉल माझा आणि मॉलशेजारची वीस मजली सोसायटी दुसऱ्याची, असं चालणार नाही.

आपल्या रेषेच्या आत काय उरतं? इथली व्यापाराची खरी ताकद गाळ्यांत आहे. फेज १ च्या सर्कलपासून शिवाजी चौकाकडे चालत निघा. औषधाचं दुकान, त्याच्या शेजारी मोबाइलचं कव्हर विकणारा, वर ‘रूम्स अव्हेलेबल’ची पाटी, पुढं अमृततुल्य, मग बिर्याणी, मग झेरॉक्स, मग लॉन्ड्री. गाळा सरासरी अडीचशे चौरस फुटांचा धरला तर सहा लाखांसाठी २,४०० गाळे लागतील. तेवढे आहेत का, हे ऑफिसात बसून ठरत नाही. रस्त्यारस्त्यानं शटर मोजायची. एका बाजूनं जाताना एक बाजू, येताना दुसरी. पहिल्या मजल्यावरची दुकानं वेगळ्या खुणेनं. सुपरमार्केट, फर्निचरचं शोरूम, गाड्यांचं शोरूम यांचं क्षेत्र स्वतंत्र लिहा, कारण अशी एकेक जागा वीस-तीस गाळ्यांइतकी असते.

पडताळा घ्यायला ग्रामपंचायतीचा नमुना ८ आहे. कर आकारणीच्या या नोंदवहीत मिळकतीचा वापर आणि क्षेत्र असतं. सगळी वही मागू नका, देणार नाहीत आणि वाचूनही होणार नाही. माहितीच्या अधिकारात ‘व्यापारी वापराच्या मिळकतींची एकूण संख्या व एकूण क्षेत्र’ एवढंच मागा. महापालिका हद्द असेल तर मिळकतकर विभागाकडून बिगरनिवासी नोंदींची बेरीज. टपऱ्या आणि हातगाड्या कुठल्याच वहीत नसतात. संध्याकाळी सहानंतर माण रस्त्याला निम्मी खरेदी त्यांच्याकडेच होते, पण चौरस फुटांच्या अटीत त्यांना जागा नाही. त्यांची नोंद शेऱ्यात करा.

कंपनीच्या आतलं फूड कोर्ट धरायचं का? माझं उत्तर, नाही. गळ्यात कार्ड असल्याशिवाय जिथं जाता येत नाही, तो बाजार नव्हे.

नोकऱ्या आणि बेडरूम

ही अट ऐकायला गमतीची वाटते, पण तिचा अर्थ एवढाच: सकाळी नऊला जागा भरते की रिकामी होते?

अंदाज बांधायला नोकऱ्यांच्या बाजूनं भरलेलं ऑफिस क्षेत्र भागिले शंभर, अधिक स्वतःच्या कॅम्पसवाल्या कंपन्या. भरलेलं म्हणजे भाड्यानं गेलेलं. तयार पण रिकामं नाही. कोविडनंतर आणखी एक गाळणी लावावी लागते. आठवड्यातून तीन दिवस येणारा माणूस नोकरी म्हणून एक, पण हजेरी म्हणून एकापेक्षा कमी. गॅरोंच्या अटीत नोकरी मोजायची आहे, तेव्हा एकच धरा. सुरक्षारक्षक, हाउसकीपिंग, कॅन्टीन, कॅबचालक यांना विसरू नका. कंपनीच्या आकड्यात ते नसतात, कारण ते ठेकेदाराचे.

बेडरूमच्या बाजूनं सगळ्यात सोपा मार्ग म्हणजे महावितरण. घरगुती वीजजोडण्यांची संख्या मागवा आणि टूबीएचके सरासरी धरून दोननं गुणा. महारेराच्या यादीतून फ्लॅटच्या प्रकारानुसार ताळा करता येतो. ब्लू रिज आणि मेगापोलिससारख्या मोठ्या टाउनशिप दुसऱ्या हद्दीच्या आतच पडतात, तेव्हा हा आकडा वाटतो त्यापेक्षा मोठा निघतो. जनगणनेवर फार विसंबू नका. २०११ चे आकडे आता निरुपयोगी आहेत, आणि पुढच्या जनगणनेची संदर्भ तारीख १ मार्च २०२७ आहे.

पीजी हा इथला खास गुंता. एका मीटरमागे बारा खोल्या, खोलीत तीन कॉट. बेडरूम मोजल्या तर बारा, माणसं छत्तीस. मी अशा ठिकाणी खोलीऐवजी कॉट मोजायच्या बाजूचा आहे. अट शब्दशः पाळली तर नोकऱ्यांचं पारडं खोटंच जड दिसतं.

आता हे सगळं आकडे बाजूला ठेवून भूमकर चौकात किंवा वाकडच्या पुलाशी कामाच्या दिवशी सकाळी साडेनऊला उभे राहा. कुठल्या दिशेची रांग सरकत नाही ते बघा. कंपन्यांच्या बसगाड्या, पीएमपीएमएल, दुचाक्यांचा लोंढा, सगळा पश्चिमेला तोंड करून. संध्याकाळी तोच उलटा. हे इतकं ठळक आहे की तिसरी अट दुसऱ्या हद्दीत पार होते, याबद्दल वाद घालायचं कारण नाही. प्रत्यक्ष जाणं जमत नसेल तर गुगल मॅप्समध्ये ‘टिपिकल ट्रॅफिक’ लावून मंगळवारची सकाळ आणि संध्याकाळ शेजारीशेजारी ठेवा. सोमवार आणि शुक्रवार टाळा, त्या दिवशी घरून काम करणारे जास्त. वाकडच्या आतल्या रस्त्यांवर तोच प्रयोग केला तर सकाळी लोंढा बाहेर पडताना दिसतो. तिसरी हद्द घेतली की ही अट डळमळते ती यामुळेच.

लोकांच्या मनात ती एक जागा आहे का

या अटीचे दोन भाग आहेत. नाव, आणि पुरेपण.

नावाची परीक्षा हिंजवडी झोकात पास होते. फेज ३ चा मोठा भाग माण गावच्या जमिनीवर आहे, पण तिथं काम करणारा ‘मी माणला असतो’ असं म्हणत नाही. तो हिंजवडीलाच असतो. नोकरीच्या जाहिरातीत हिंजवडी, कॅबच्या ॲपवर हिंजवडी, घरच्यांना सांगतानाही हिंजवडी. हे तपासायला कंपन्यांच्या पत्त्यांची यादी, बसवरच्या पाट्या आणि भाड्यानं घर देणाऱ्यांच्या जाहिराती पुरेत. उलट बाणेरचा माणूस ‘मी हिंजवडीत राहतो’ असं मेला तरी म्हणणार नाही. तिसरी हद्द इथं साफ पडते.

पुरेपणाची परीक्षा अवघड. रविवारी जा. फेज २ च्या रुंद रस्त्यावर सुरक्षारक्षक आणि कुत्री सोडली तर फारसं कुणी भेटत नाही. कपडे घ्यायचे, सिनेमा बघायचा, पाहुण्यांना जेवायला न्यायचं, की माणूस महामार्ग ओलांडतो. टाउनशिपच्या आत सगळं आहे हो, पण टाउनशिपच्या माणसांसाठी. इथं राहणाऱ्या आणि इथं फक्त काम करणाऱ्या अशा दोन्ही लोकांना एकच प्रश्न विचारा: गेल्या महिन्यात पगाराव्यतिरिक्त कुठल्या गोष्टीसाठी हिंजवडीत आलात, किंवा थांबलात? उत्तरं लिहून घ्या. ‘चांगलं आहे का’ असं विचारू नका, त्यावर फक्त ट्रॅफिकची गाऱ्हाणी मिळतात.

जुन्या गावाला मात्र हे लागू नाही. हनुमान जयंतीला म्हातोबाच्या यात्रेत बगाड निघतं तेव्हा हिंजवडी आणि वाकड ही दोन्ही गावं एकत्र असतात. आयटी पार्कच्या नकाशावरची तुटलेली रेषा गावकीत तुटलेली नाही. गॅरोंच्या अटीत याची सोय नाही, कारण टायसन्सला अशी यात्रा नव्हती.

तीस वर्षांची अट

सोपी आहे, पटकन उरका. गुगल अर्थच्या टाइमलॅप्समध्ये १९८४ पासूनची उपग्रह चित्रं आहेत. त्याआधीचं सर्वे ऑफ इंडियाच्या जुन्या टोपोशीटवर. हिंजवडीत नव्वदच्या दशकापर्यंत शेती होती, त्यात ऊसही. इथं सहकारी साखर कारखाना उभा राहणार होता आणि भूमिपूजनाला गेल्यावर आपण तो दुसरीकडे हलवून जागा आयटीला द्यायचं ठरवलं, ही गोष्ट शरद पवारांनी जाहीर भाषणांत अनेकदा सांगितली आहे. संत तुकाराम कारखाना कासारसाई–दारुंब्रेला गेला. इथं आयटी पार्क आला. अट पार.

फक्त ‘३० वर्षांपूर्वी’ म्हणजे कधीपासून मागे, हे ठरवून घ्या. आजपासून मागे मोजलं तर खुद्द टायसन्स आज नापास होईल, कारण तीस वर्षांपूर्वीही तिथं टॉवर होतेच. जागेनं पहिल्या तीन अटी गाठल्या त्या सुमारापासून मागे मोजा.

निकाल कसा लिहायचा

‘पाचपैकी चार’ असं लिहून मोकळं होऊ नका. हद्द, अट, पुरावा आणि खात्री किती, असं प्रत्येक ओळीत लिहा. हिंजवडीचा माझा कागद साधारण असा दिसतो.

एमआयडीसीपुरती हद्द: ऑफिसं, नोकऱ्या, वय या तीन अटी पार, दुकानांत नापास, पुरेपणात तर सपशेल. गावांसह दुसरी हद्द: त्याच तीन अटी पार, दुकानं गाळे धरले तर काठावर, नाव पास आणि पुरेपण नापास. वाकड-बाणेरसह तिसरी हद्द: ऑफिसं आणि दुकानं भरपूर, नोकऱ्या विरुद्ध बेडरूम संशयास्पद, आणि ती एक जागा आहे असं कुणी मानत नाही.

म्हणून कुठल्याच एका हद्दीवर पाचही अटी एकदम पार होत नाहीत. हिंजवडी ही प्रचंड मोठी ऑफिसवसाहत आहे. एज सिटी म्हणायला तिच्यात बाजार आणि संध्याकाळ कमी पडते. जो कुणी ‘हो’ म्हणतो, त्याला एवढंच विचारा की ऑफिसं मोजताना आणि मॉल मोजताना त्यानं नकाशा बदलला होता का.

गॅरोंच्या पाच अटींत नसलेली एक ओळ मी शेवटी लिहितो: कारभार कुणाकडे. हिंजवडीत आतले रस्ते आणि प्लॉट एमआयडीसीचे, आजूबाजूच्या गावांचं नियोजन २०१५ साली स्थापन झालेल्या पीएमआरडीएचं, गटार-कचरा ग्रामपंचायतीचा, महामार्ग राष्ट्रीय महामार्ग प्राधिकरणाचा, पोलीस पिंपरी-चिंचवड आयुक्तालयाचे. पावसात चौकात गुडघाभर पाणी साचतं तेव्हा फोन कुणाला करायचा, हे यावरून कळतं. गावं महापालिकेत घ्या ही मागणी त्यातूनच येते. झाली समाविष्ट, तरी पाच अटींच्या निकालात फरक पडत नाही.

फरक पडेल तो मेट्रोनं. माण–हिंजवडी ते शिवाजीनगर ही सुमारे २३ किलोमीटरची, २३ स्थानकांची मार्गिका आहे. टायसन्सला २०१४ साली सिल्व्हर लाइनची चार स्थानकं मिळाली, आणि २०५० पर्यंत एक लाख रहिवासी, दोन लाख नोकऱ्या असं लक्ष्य काउंटीनं आधीच ठरवून ठेवलं होतं. म्हणजे बेडरूम वाढवायच्या, ठरवून. २०२० च्या जनगणनेत तिथली लोकसंख्या २६ हजारांच्या वर गेली. हिंजवडीत स्थानकांभोवती घरं आणि दुकानं दाट झाली तर दुसरी आणि चौथी अट सुधारेल, तिसरीचं अंतर कमी होईल. तेव्हा कागद पुन्हा भरा.

हीच पद्धत इतरत्र लावताना

नवी मुंबईत ऐरोलीला माइंडस्पेसचे पूर्व आणि पश्चिम असे दोन पार्क मिळून ५० लाखांची अट सहज पार करतात. रीटचे अहवाल इथंही उपयोगी. पण दोन्ही पार्क एकमेकांपासून तुटलेले, बाजार बाहेर, आणि आधी तिथं ठाणे–बेलापूर पट्ट्यातले कारखाने होते. शेवटच्या अटीवर वाद होईल, चौथीवर होणार नाही: नापास.

मुंबईचं वांद्रे-कुर्ला संकुल, म्हणजे बीकेसी पाहा. जिल्हा मुंबई उपनगर, आधी मिठीकाठची दलदल, आता हिरे बाजार, शेअर बाजार, बँका, जिओ वर्ल्डचे मॉल आणि २०२४ पासून भुयारी मेट्रो. नाव सगळ्यांच्या तोंडी, राहणारे मोजके. अंतराची अट नाही हे आठवा. मग मुंबईच्या पोटात असूनही बीकेसी हिंजवडीपेक्षा सरस गुण घेते.

सीबीडी बेलापूरला सिडकोनं नकाशावरच व्यापारी केंद्र ठरवलं. पण सेक्टरांतली घरं त्याच हद्दीत येतात, तेव्हा तिसऱ्या अटीचं काम मन लावून करा. मगरपट्ट्यातही तेच. घर आणि ऑफिस चालत जाण्याच्या अंतरावर ठेवायचं म्हणूनच ती वसाहत आखली गेली, त्यामुळे तिथं नोकऱ्या आणि बेडरूम यांच्यात कुस्ती होते. गुरुग्रामला जाल तर आधी विचारा, आपण सायबर सिटी (तिथला ऑफिसांचा भाग) मोजतोय की अख्खं गुरुग्राम. पहिल्याचं उत्तर चटकन मिळेल. दुसऱ्याला २००८ पासून स्वतःची महापालिका आहे आणि बेडरूम इतक्या, की तिसऱ्या अटीपाशीच दिवस जाईल.